पडवीतले विद्यार्थी

दापोलीला जुनी माणसे अजून ‘काप दापोली’ म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दक्षिण कोकण इंग्रजांच्या ताब्यात आले आणि समुद्रापासून थोडे आत, थंड हवेच्या या पठारावर कंपनी सरकारने लष्कराचा कॅम्प बसवला. पलटणी पुढे काही दशकांत निघून गेल्या, नाव मात्र गावाला चिकटून राहिले. नावाबरोबर पेन्शनरही राहिले. नोकरी संपवून परतलेले हवालदार, जमादार, सुभेदार इथे घरे बांधून राहत. त्यांत महारांची संख्या मोठी होती, कारण मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातले महार पहिल्यापासून होते.

गावाबाहेरच्या वाडीत जन्मलेल्या या माणसांनी फौजेत एक वेगळे जग पाहिले होते. तिथे कवायत होती, पगार होता, हुद्दा होता आणि शाळाही होती. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. मुलगे तर शिकतच, मुलीही शिकत. मंडणगड पेट्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या दापोली तालुक्यातल्या, आंबडवे गावचे रामजी सकपाळ याच वाटेने पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिकले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. देशावरच्या किंवा कोकणातल्या कोणत्याही मुलकी शाळेत त्या काळी महार हेडमास्तर ही कल्पनासुद्धा कोणी केली नसती.

अडचण पेन्शन घेऊन घरी आल्यावर सुरू होई. बापाला पलटणीत लिहायला-वाचायला शिकवलेले असे, पण मुलाला गावच्या शाळेत पाय ठेवता येत नसे.

नियम तसा नव्हता. या कथेतली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे, म्हणून थोडे मागे जाऊन ती नीट सांगायला हवी.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. प्रवेश नाकारला गेला, प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य केले आणि प्रवेश मात्र दिला नाही. एकट्या मुलासाठी शाळा उघडली तर बाकीची सगळी मुले शाळा सोडतील, असा हिशेब केला. हिंदुस्थान सरकारने यावर जानेवारी १८५७ मध्ये जे कळवले ते मासलेवाईक आहे. मुंबई सरकार शहाणपणाने वागले असेल कदाचित, पण बंगालमधल्या कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला परत पाठवले नसते! कंपनीच्या विलायतेतल्या डायरेक्टरांनी १८५८ मध्ये स्पष्ट केले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत. त्यानंतर मुंबई सरकारने जाहीर केले की ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या जात न पाहता सर्व प्रजेला खुल्या राहतील.

‘पूर्णपणे सरकारी खर्चाने’ या शब्दांत पळवाट होती. खेड्यातल्या आणि छोट्या गावातल्या बहुतेक शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतच नव्हत्या. त्या चालत लोकल फंडावर. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड सेस बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखून ठेवला गेला. जमीन कसणारा प्रत्येक जण हा आणा देई. कुणब्यांच्या आणि महारांच्या वाट्याचा पैसा शाळेच्या पेटीत जाई, त्यांची मुले जात नसत. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच आहे. सरकारी महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी कमिशनला सुनावले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले.

हंटर कमिशनने सक्ती मानली नाही. जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत कोणाला नाकारायचे नाही हे तत्त्व मात्र पुन्हा मांडले आणि सार्वजनिक पैशावर अंशतः चालणाऱ्या शाळांनाही ते लागू करावे असे म्हटले. सोबत एक शेपूट जोडले: हे सगळे सावधगिरीने करावे. सरकारला सावधगिरीची कारणे होती. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धेड मुलांना घेतल्यावर मोठ्या शाळा ओस पडल्या होत्या, काही तर वर्षानुवर्षे बंद राहिल्या. पण सावधगिरी हा शब्द एकदा सरकारी कागदात आला की त्याचा अर्थ खालचा कारकून ठरवतो. तो अर्थ नेहमी ‘आत्ता नको’ असाच निघतो.

त्यात १८८४ आले. लॉर्ड रिपनच्या धोरणानुसार मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचे आणि म्युनिसिपालिट्यांचे नवे कायदे झाले आणि प्राथमिक शाळांचा कारभार या स्थानिक संस्थांकडे गेला. आपण शाळेत स्थानिक स्वराज्याचा हा पहिला धडा मोठ्या कौतुकाने वाचतो आणि ते कौतुक चुकीचेही नाही. पण म्युनिसिपालिटीत कोण निवडून येत होते ते पाहिले की चित्र बदलते. वकील, सावकार, खोत, व्यापारी. मुंबईच्या सचिवालयातल्या साहेबाला गावाची भीती वाटत होती, म्युनिसिपालिटीतले सभासद म्हणजे खुद्द गावच. शाळेची किल्ली साहेबाच्या हातातून निघून त्यांच्या हाती आली.

अशा वेळी दापोलीत एक माणूस येऊन राहिला. गोपाळ बाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून ते १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. फुल्यांच्या विचारांचा माणूस. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. अस्पृश्यता शास्त्राच्या नावाने चालते तर शास्त्री पंडितांनी तिचा आधार दाखवावा, असे तिच्यात त्यांनी उघड आव्हान दिले. ‘दीनबंधू’त ते लिहीत, आगरकरांच्या ‘सुधारका’तही लिहीत. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ या नावाची संस्था त्यांनी काढली आणि पेन्शनरांना एकत्र केले. महाराष्ट्रात अस्पृश्य समाजातून उभ्या राहिलेल्या पहिल्या संघटनांत तिची गणना होते. मुंबई-पुण्यात न निघता ती दापोलीसारख्या पेन्शनरांच्या गावात निघाली यात नवल नाही. तिथे महिन्याला बांधलेला पैसा येणारी, सही करता येणारी आणि साहेबाला अर्ज कसा लिहायचा हे ठाऊक असलेली महार माणसे राहत होती.

१८९२ मध्ये या पेन्शनरांनी आपल्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केला.

साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच सुमारास फौजेत महारांची भरती बंद झाली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी नवी वर्गवारी लष्करी साहेबांच्या डोक्यात शिरली होती आणि कोरेगावच्या लढाईच्या स्मारक खांबावर नावे कोरलेल्या समाजाला एका फटक्यात बिनलढवय्या ठरवले गेले. भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. पलटणीची शाळाही बंद. तीन पिढ्या ज्या एकाच दाराने अक्षर घरात येत होते ते दार मिटले, म्हणून पेन्शनरांनी गावातले दुसरे दार ठोठावले. वलंगकरांनी भरतीबद्दलचाही अर्ज १८९४ मध्ये सेनापतींसाठी तयार केला होता. नोकरी आणि शाळा या त्यांच्या दृष्टीने दोन मागण्या नव्हत्याच.

मुलांना अखेर शाळेत घेतले गेले, पण बसायला मिळाली पडवी. खोलीच्या आत गावची मुले, बाहेर व्हरांड्यात महार-चांभारांची. हा प्रकार दापोलीपुरता नव्हता, इलाखाभर हीच तोड निघाली होती आणि सरकारदरबारी ती सोयीची होती. प्रवेश दिला असे वर कळवता येई, विटाळ झाला नाही असे गावाला सांगता येई. मास्तरने अशा मुलाची पाटी हातात घ्यायची नाही, लांबून पाहायची. फळा दिसला तर दिसला. मुलाने तहान लागली तरी भांड्याला हात लावायचा नाही. आणि कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला आषाढात पडवीत पावसाची झड कशी आत येते हे सांगायला नको. अशा जागी बसून जो पोर चौथी पास होई त्याला मी हुशार म्हणणार नाही, चिवट म्हणेन.

फीबद्दल इथे दोन शब्द. महिन्याची फी काही आण्यांची असे आणि गरीब मुलांना माफीही मिळे. शिक्षण फुकट करा म्हणजे सगळी मुले शाळेत येतील, असे आज आपण सहज बोलतो. दापोलीच्या पेन्शनरांना फी देता येत होती. त्यांना अडवत होती ती फी नव्हे.

याच गावात त्याच काळात दुसरी एक शाळाही होती, मिशनची. पुढे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे पांडुरंग वामन काणे तिथून १८९७ मध्ये मॅट्रिक झाले. काही वर्षांनी पालगडचे साने गुरुजी तिथे शिकले. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, मुर्डीचे रँग्लर परांजपे, सगळे याच टापूतले. कोकणी माणूस या यादीचा अभिमान बाळगतो, मीही बाळगतो. कर्वे आणि काणे दोघेही पुढे भारतरत्न झाले. जुन्या दापोली तालुक्याशी नाते सांगणारे तिसरे भारतरत्न मात्र दापोलीत टिकले नाहीत.

सुभेदार रामजी निवृत्त झाले तेव्हा धाकटा भीमराव दोनेक वर्षांचा होता. कुटुंब दापोलीला येऊन राहिले, कायम राहायचा विचार होता. मग विचार बदलला आणि मंडळी साताऱ्याला गेली. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत वडिलांच्या या निर्णयावर एकच वाक्य लिहिले आहे आणि कारण दिलेले नाही. चौदा वर्षे हेडमास्तरकी केलेल्या बापाला दापोलीची पडवी आपल्या मुलांसाठी कशी वाटली असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

साताऱ्यात फार वेगळे नव्हते. वर्गात कोपऱ्यात एकटे बसायचे, बसायला घरून गोणपाट न्यायचे, संध्याकाळी ते परत आणायचे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. पाणी शिपायाने वरून ओतले तरच मिळे. पण साताऱ्याच्या हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. नोंद क्रमांक १९१४. महाराष्ट्र सरकार आज हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. रजिस्टरातली अशी एक ओळ किती मोलाची ठरते ते पुढे येईलच.

पुढची वीस-पंचवीस वर्षे हुकूम निघत राहिले आणि पडव्या भरत राहिल्या. बदल आला तो १९२३ मध्ये, आणि कसा आला ते पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी मुंबई सरकारने ठरवले की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या खासगी शाळांना सरकारी ग्रँट मिळणार नाही. शिक्षण खाते तेव्हा रँग्लर परांजप्यांकडे होते, म्हणजे दापोली तालुक्यातल्याच माणसाकडे. त्यांच्याच कारकिर्दीत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोल्यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने खुले करण्याचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. १८५८ पासून तत्त्व होते. पासष्ट वर्षांनी त्या तत्त्वाला पैशाची कात्री मिळाली.

माझे मत असे आहे की शाळांची दारे मनपरिवर्तनाने कमी आणि ग्रँटीच्या भीतीने जास्त उघडली. हे ऐकायला गोड नाही. पण धारवाड ते दापोली हा प्रवास ज्याने कागदांतून पाहिला तो दुसरे काही म्हणू शकणार नाही. सज्जन माणसे प्रत्येक टप्प्यावर होती, अगदी मुंबई सरकारातही होती. सज्जनपणाने मुलगा पडवीपर्यंत आला.

तरी गावागावात कोणीतरी उभे राहावे लागले हे खरेच. रत्नागिरी शहरात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी १९२४ नंतर शाळांतून मुले सरमिसळ बसवण्याची मोहीम चालवली. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचे ते म्हणावे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये पडवीतली मुले आत यावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले हे नाकारता येत नाही. सरकारी हुकूम हाताशी होता हे त्यांच्या कामी आले. आणि मे १९२८ मध्ये आंबेडकरांनी सायमन कमिशनसाठी इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचा जो खलिता तयार केला त्यात धारवाडच्या मुलाचे प्रकरण मूळ कागदपत्रांसह मांडले. त्या मुलाचा अर्ज बहात्तर वर्षांनी पुन्हा वाचला गेला.

प्राथमिक शाळेनंतर कॉलेजचा प्रश्न. आंबेडकर स्वतः एल्फिन्स्टनमध्ये शिकले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या महिना पंचवीस रुपयांच्या मदतीवर. राजाच्या मर्जीवर शिक्षण अवलंबून असणे म्हणजे काय हे ते जाणून होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी केंद्र सरकारकडून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू करवून घेतली. ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि आजही चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली कित्येक घरे या शिष्यवृत्तीने उभी राहिली. ज्या घरात पहिला पदवीधर झाला त्या घराला तिचे नाव विचारून पाहा.

आता परदेशातले एक प्रकरण, कारण त्यात दापोलीचाच वाद वेगळ्या कपड्यांत दिसतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात १९७५ मध्ये कायदा झाला की परवान्याशिवाय देशात आलेल्या आईबापांच्या, कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्य पैसा देणार नाही. टायलर नावाच्या गावाने १९७७ मध्ये अशा मुलांना वर्षाला हजार डॉलर फी लावली. मेक्सिकन मजुरांना ती परवडणे शक्यच नव्हते. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द केला. शाळा खुल्या झाल्या, कॉलेजचे काय हे कोर्टाने सांगितले नव्हते. २००१ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांनी अशा मुलांना राज्यातल्या रहिवाशांइतकीच कमी फी लावली. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये पुढे जाऊन सरकारी आर्थिक मदतही खुली केली, त्यामुळे गावोगावच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत गरीब मुलाला फीमाफी मिळू शकते, कागद असोत वा नसोत. टेक्सासमधली सवलत मात्र जून २०२५ मध्ये कोर्टातून बंद झाली. चोवीस वर्षे उघडे असलेले दार एका दिवसात लागले. तिकडच्या वादातले मुद्दे वाचताना दापोलीची म्युनिसिपालिटी आठवते. आमच्या करातून चालणाऱ्या शाळेत ही मुले का? आणि उत्तरही तेच: करात त्यांच्या आईबापांचाही पैसा आहे.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने एक चांगली गोष्ट केली. त्याच्या चौदाव्या कलमात म्हटले आहे की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले, वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर फिरणाऱ्या कातकऱ्यांची मुले यांना हे कलम लागू पडते. पण कायद्याचा हात आठवीपर्यंतच पोचतो. त्यापुढे कागद सुरू होतो.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आणि सर्वांत भक्कम पुरावा कोणता मानतात? आजोबाच्या किंवा पणजोबाच्या नावाची शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद. ज्या आजोबाला शाळेत घेतलेच नाही त्याच्या नातवाकडे आपण आजोबाच्या शाळेचा दाखला मागतो. धारवाडच्या त्या मुलाचा वंशज आज कॉलेजच्या खिडकीशी उभा असेल, तर त्याच्याजवळ प्रवेश नाकारल्याचा कागद निघेल, प्रवेशाचा निघणार नाही. कातकऱ्याजवळ तोही नाही. त्याचे आजोबा कोणत्याही यादीत बसलेच नाहीत, पडवीतसुद्धा.

नियम बदलायला वेळ लागेल, गृहचौकशीचा आणि स्थानिक साक्षीचा मार्ग नियमांत आहे तो अधिकाऱ्यांनी हात न आखडता वापरावा. दरम्यान एक काम कोकणातला कोणताही शिक्षक उद्यापासून करू शकतो. जिल्हा परिषदेच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या शाळांतून ती जाड रजिस्टरे अजून कपाटांत आहेत. मोडी आणि बाळबोध लिपीतली, वाळवीने आणि पावसाळ्याच्या ओलीने पोखरलेली. वलंगकरांच्या पेन्शनरांनी भांडून ज्या मुलांची नावे त्यांत घालायला लावली, त्यांच्या पणतवंडांची फी आज त्या एका ओळीवर माफ होते किंवा होत नाही. आपल्या गावच्या शाळेत असे रजिस्टर असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याचे फोटो काढून ठेवा, मोडी वाचणारा माणूस शोधा, आणि नोंद मागायला येणाऱ्या आईला उद्या या असे सांगू नका.